छोट्या उद्योगाचे संशोधन आणि सार्वजनिक पैसा : युरोपातील एक हिशेब

वाणिज्य शाखेत आल्यापासून ताळेबंदाच्या दोन बाजू जुळविणे हे आम्हां विद्यार्थ्यांचे नित्यकर्म होऊन बसले आहे. डावीकडे भांडवल आणि देणी, उजवीकडे मालमत्ता. परंतु काही खर्च असे असतात की पैसा तर खिशातून जातो, आणि उजव्या बाजूस मात्र त्याचा मागमूस उरत नाही. संशोधनावरचा खर्च हा त्यांपैकी एक. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ असे सांगते की, संशोधनाच्या अवस्थेत झालेला खर्च मालमत्ता म्हणून दाखविता येणार नाही. तो त्याच वर्षी नफातोटा खात्यात नावे टाकावा लागेल. पुढे विकासाची अवस्था आली, वस्तू तयार करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, ती उपयोगात आणता किंवा विकता येईल, खर्च नेमका मोजता येतो, अशा ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या, तरच तो खर्च ताळेबंदावर चढतो. आपल्याकडील लेखामानक २६ चा रोखही हाच आहे.

नियम योग्यच आहे. न लागलेल्या शोधाला मालमत्ता म्हणणे म्हणजे भागधारकांच्या डोळ्यांत धूळ फेकणे होय. पण याच नियमाची दुसरी बाजू छोट्या कारखानदाराला भोगावी लागते. समजा, पोर्तुगालमध्ये बारा माणसांचा एक कारखाना मोजमापाची उपकरणे तयार करतो. नव्या धर्तीचे उपकरण करावे असे त्याच्या मनात आहे, आणि त्यासाठी दोन वर्षे प्रयोग करावे लागणार आहेत. तो बँकेत जातो. बँक विचारते, तारण काय? यंत्रे असतील, ती आधीच गहाण पडलेली असतात. प्रयोगाची वही तारण म्हणून कोण घेणार? मोठ्या कंपनीला ही अडचण जाणवत नाही. एका मालातला नफा ती दुसऱ्या मालाच्या प्रयोगशाळेत ओतू शकते. बारा माणसांच्या कारखान्याला दुसरा माल असतोच असे नाही.

याला आणखी एक कारण जोडले पाहिजे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली असे मांडले की, ज्ञान ही वस्तू कुलुपात राहत नाही. एकाने शोधले की दहा जण पाहून शिकतात. समाजाचा लाभ मोठा, पण शोधणाऱ्याच्या पदरात त्याचा अंशच पडतो. म्हणून खाजगी उद्योग समाजाला हवे असते त्यापेक्षा कमीच संशोधन करतो. सार्वजनिक तिजोरीतून संशोधनाला पैसा द्यावा, या मताचा तात्त्विक पाया हा आहे. प्रस्तुत लेखात मला या पायाविषयी फारसे लिहावयाचे नाही. तो पाठ्यपुस्तकात सापडतो. मला कुतूहल आहे ते पुढचे. पैसा द्यायचे ठरले, तर तो कोणत्या रूपाने आणि कोणत्या वेळी दिला म्हणजे त्या बारा माणसांच्या हाती खरोखर पोहोचतो?

प्रथम 'छोटा' कोणाला म्हणायचे ते पाहू. युरोपीय आयोगाच्या २००३ सालच्या व्याख्येप्रमाणे २५० पेक्षा कमी माणसे, आणि वार्षिक उलाढाल ५ कोटी युरोंपर्यंत किंवा ताळेबंदाची बेरीज ४.३ कोटी युरोंपर्यंत, असा उद्योग लघु-मध्यम समजला जातो. त्यात ५० पेक्षा कमी माणसांचा तो लघु आणि १० पेक्षा कमी माणसांचा तो सूक्ष्म. आपल्या देशात १ एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाची मर्यादा १२५ कोटी रुपये गुंतवणूक आणि ५०० कोटी रुपये उलाढाल अशी आहे; माणसे मोजण्याची पद्धत आपल्या व्याख्येत नाही. युरोपात मात्र डोकी आधी मोजतात. शिवाय एखाद्या बड्या कंपनीने निम्म्याहून अधिक मालकी ठेवून काढलेले लहान पिल्लू लघुउद्योग ठरत नाही. आईची माणसेही त्याच्या हिशेबात धरली जातात. अशा व्याख्येत बसणारे उद्योग युरोपीय संघात शंभरांत नव्व्याण्णवांहून अधिक आहेत आणि बिगरवित्तीय उद्योगांतील सुमारे दोन-तृतीयांश नोकऱ्या त्यांच्याकडे आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, युरोपातील सरकारांना आपल्या उद्योगांना वाटेल तेवढी मदत करता येत नाही. संघाच्या कराराचे कलम १०७ आडवे येते. एका देशाने आपल्या कारखान्यांना पैसा ओतला तर शेजारच्या देशातील कारखाना स्पर्धेत मार खाईल, हे त्यामागचे तत्त्व. संशोधनाला मात्र सवलत आहे. २०१४ च्या नियमांनुसार औद्योगिक संशोधनाच्या खर्चापैकी ५० टक्के आणि प्रायोगिक विकासाच्या खर्चापैकी २५ टक्के मदत देता येते. उद्योग मध्यम असेल तर १० आणि लघु असेल तर २० टक्के अधिक. म्हणजे उद्योग जितका लहान, आणि काम बाजारापासून जितके दूर, तितका सरकारचा वाटा मोठा. ही चढती-उतरती पायरी मला फार समर्पक वाटते. बाजार जवळ आला की सावकारही जवळ येतो, तेव्हा सरकारने मागे सरावे.

पैसा देण्याच्या रीती अनेक झाल्या. पश्चिम जर्मनीत १९५४ साली औद्योगिक संशोधन संस्थांचा महासंघ स्थापन झाला. तेथे एकेका धंद्यातील कारखाने, मग ते वेल्डिंगचे असोत, वस्त्रोद्योगाचे असोत वा ओतकामाचे, एकत्र येऊन आपल्या सामाईक अडचणी ठरवितात, सरकारी पैशातून संशोधन संस्था त्यांवर काम करतात, आणि निष्कर्ष साऱ्या धंद्याला खुले राहतात. ज्ञान कुलुपात राहत नाही ना, मग कुलूपच लावू नका, असा हा सरळ मार्ग. (आपल्या उद्यमबागेतील फौंड्रीवाल्यांनी यावर विचार करण्यासारखा आहे, वाळूची अडचण सर्वांची एकच असते.) १९८५ साली फ्रान्सच्या पुढाकाराने 'युरेका' ही आंतरदेशीय सहकार्याची योजना निघाली, आणि तिच्यातून २००८ पासून 'युरोस्टार्स' ही खास लघुउद्योगांसाठीची योजना सुरू झाली. तिच्यात दोन देशांचे कारखाने मिळून प्रकल्प करतात, पण प्रत्येक देश आपापल्याच कारखान्याला पैसा देतो. एका देशाची थैली रिकामी झाली तर दुसऱ्या देशातील भागीदारही अडकतो, ही तिची उघड उणीव.

याहून वेगळा प्रयोग २०१४ साली झाला. 'होरायझन २०२०' या सुमारे ८,००० कोटी युरोंच्या सात वर्षांच्या कार्यक्रमात 'एस.एम.ई. इन्स्ट्रुमेंट' नावाची योजना घातली गेली. तिच्यासाठी सुमारे ३०० कोटी युरो होते. एकटा कारखानाही अर्ज करू शकेल, विद्यापीठाचा हात धरावयास नको, हे तिचे वैशिष्ट्य. पहिल्या टप्प्यात कल्पना व्यवहार्य आहे की नाही हे तपासण्यासाठी ५०,००० युरो मिळत. दुसऱ्या टप्प्यात साधारण ५ लाखांपासून २५ लाख युरोंपर्यंत, मान्य खर्चाच्या ७० टक्के.

पहिला टप्पा हिशेबाच्या दृष्टीने फार सुटसुटीत होता. प्रकल्पाचा खर्च ७१,४२९ युरो धरावयाचा, त्याचे ७० टक्के म्हणजे ५०,०००, आणि ही रक्कम ठोक द्यावयाची. कोणी किती तास काम केले याचे तक्ते नकोत, पावत्यांची फाईल नको. अर्जही दहा पानांचा. दुसऱ्या टप्प्यात मात्र प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब आला, आणि तेथेच आमचा विषय सुरू होतो. पुढील उदाहरण मी वहीत सोडविले, ते येथे देते.

प्रकल्पाचा मान्य खर्च २० लाख युरो. अनुदान ७० टक्के, म्हणजे १४ लाख. उरलेले ६ लाख कारखान्याने घालावयाचे. वरवर पाहता एवढेच. परंतु नियम असा की, शेवटचा अहवाल मंजूर होईपर्यंत अनुदानाचा दहावा भाग रोखून ठेवावयाचा. ते झाले १ लाख ४० हजार. शिवाय आगाऊ रकमेतूनच अनुदानाचे ५ टक्के, म्हणजे ७० हजार, सामाईक हमी निधीत जमा होत. एखादा लाभार्थी बुडाला तर नुकसान भरून काढण्यासाठी. ते प्रकल्प संपल्यावर परत मिळत. तेव्हा काम चालू असताना हाती येणारी अधिकांत अधिक रक्कम ११ लाख ९० हजार. खर्च तर २० लाख करावयाचाच आहे. म्हणजे कारखान्याला ६ लाख नव्हे, ८ लाख १० हजार युरो रोख उभे करावे लागतात. त्यांतले २ लाख १० हजार शेवटी परत येतात हे खरे, पण शेवटी. बारा माणसांचा पगार दरमहा द्यावा लागतो. हे पैसे आणावयाचे कोठून? पुन्हा त्याच बँकेच्या दारी.

नफा आणि रोख यांतला फरक आम्हांला पहिल्या वर्षीच शिकवितात. अनुदानालाही तो लागू आहे, हे या उदाहरणाने मला नीट उमगले. ही योजना वाईट होती असे मात्र मी म्हणणार नाही. आगाऊ रक्कम सुरुवातीलाच मिळत असे, ही गोष्ट लहान नव्हे. मालकाच्या श्रमाचा प्रश्नही तिने चांगला सोडविला. भागीदाराचे वेतन हा खर्च नसून नफ्याची वाटणी आहे, असे आपण भागीदारीच्या खात्यात लिहितो. पण छोट्या कारखान्यात मुख्य संशोधक बहुधा मालकच असतो आणि तो पगार घेत नाही. मग त्याच्या दोन वर्षांची किंमत शून्य धरावयाची काय? होरायझनच्या नियमांत अशा मालकासाठी दरमहा ४,६५० युरो हा पायादर ठरवून, तो देशागणिक महागाईच्या गुणकाने गुणून, खर्चात धरण्याची सोय होती.

आता या योजनेने साधले काय? युरोपातील काही अर्थशास्त्रज्ञांनी एक चतुर रीत वापरली. गुणांची रेषा थोडक्यात ओलांडलेले आणि थोडक्यात हुकलेले उद्योग त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. एका-दोन गुणांच्या फरकाने कोणी फार हुशार वा मठ्ठ ठरत नाही, हे आम्हां परीक्षार्थींना सांगावयास नको. त्यांना आढळले की, अनुदान मिळालेल्यांची गुंतवणूक वाढली, पेटंटे वाढली, बाहेरून भांडवल मिळण्याची शक्यताही वाढली. आणि हा परिणाम वयाने व आकाराने लहान उद्योगांत अधिक होता. महत्त्वाचा निष्कर्ष पुढेच आहे. हा लाभ 'ब्रसेल्सने निवडले' या शिक्क्यामुळे झाला नव्हता, तर पैशामुळे झाला होता.

या निष्कर्षाची दुसऱ्या बाजूनेही साक्ष मिळते. गुण पुरेसे पण पैसा अपुरा, अशा उद्योगांना आयोगाने २०१५ पासून 'सील ऑफ एक्सलन्स' हे प्रशस्तिपत्र देणे सुरू केले. त्याच्या आधारे त्यांनी आपल्या देशाकडून मदत मिळवावी ही अपेक्षा. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने २०२० च्या अहवालात योजनेचे एकूण कौतुक केले, पण प्रशस्तिपत्राचा उपयोग फारसा झाला नाही, असेही नमूद केले. याच अहवालात आणखी एक दुखणे आहे : नाकारलेले अर्ज पुनःपुन्हा येत राहतात आणि परीक्षकांचा वेळ खातात. अर्जदारांपैकी बहुसंख्य नापास होणार हे ठरलेलेच होते. मग अर्ज लिहून देणारे सल्लागार निपजले, हे ओघानेच आले.

२०१९ च्या सप्टेंबरनंतर पहिला टप्पा बंद झाला. मला स्वतःला हे पटत नाही. ५०,००० युरोंची ठोक रक्कम तिजोरीच्या दृष्टीने किरकोळ, आणि तिच्या वाटपाची कटकट तुलनेने मोठी, हे मान्य. पण बारा माणसांच्या कारखान्याला झेपेल असे दार तेवढेच होते. दुसरा टप्पा 'युरोपीय इनोव्हेशन कौन्सिल'च्या 'ॲक्सिलरेटर'मध्ये विलीन झाला. २०२१ पासूनच्या 'होरायझन युरोप' या ९,५५० कोटी युरोंच्या कार्यक्रमात कौन्सिलच्या वाट्याला सुमारे १,०१० कोटी आले. अनुदानाची मर्यादा २५ लाख युरोच राहिली, परंतु त्याच्या जोडीला भागभांडवलही देण्याची सोय झाली.

येथे एक भाषिक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज, मराठीत 'साल' म्हणजे वर्ष. संशोधन करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अर्थ एकच आहेत : साल उलटले की साल वाढते. भागभांडवलात हा काच नाही, व्याज नाही, हप्ता नाही. त्याऐवजी मालकीचा हिस्सा द्यावा लागतो, आणि सरकारी निधी आपला भागीदार होतो. पण भागीदारी ठरविणे हे अनुदान मंजूर करण्याइतके सोपे नसते. २०२१-२२ मध्ये या निधीची घडी नव्याने बसविताना बराच काळ गेला, निवड झालेले उद्योग भांडवलाची वाट पाहत राहिले, आणि युरोपीय संसदेतही त्यावर टीका झाली. वर काढलेल्या ८ लाख १० हजारांच्या उदाहरणात अशी काही महिन्यांची वाट घालून पाहावी.

अलीकडे होरायझन युरोपमध्ये ठोक रकमेची पद्धत पुन्हा वाढविण्यात आली आहे, या वेळी मोठ्या अनुदानांसाठीही. प्रकल्पाचे कामांच्या गटांत विभाजन करावयाचे, प्रत्येक गटाची रक्कम आधीच ठरवावयाची, आणि गट पूर्ण झाला की ती द्यावयाची. पावत्या तपासण्याचे कारण उरत नाही. मात्र गट अपुरा राहिला तर त्याची रक्कम अडते. संशोधनात काम पुरे होईलच याची हमी कोण देणार, अशी शंका येथे येते. त्यावर नियमाचे उत्तर असे की, ठरलेले काम केले की नाही एवढेच पाहावयाचे. प्रयोग यशस्वी झाला की फसला, यावर पैसा अवलंबून नाही.