निळी रेघ, लाल रेघ

आपले पाबळ कमी पावसाचे. मग आपल्याला पुराची काय काळजी, असे वाटते. पण आपल्याच शिरूर तालुक्यातून भीमा आणि घोड वाहतात. शेजारचे दौंड तर भीमेच्या काठीच वसले आहे. वर घाटात पाऊस कोसळतो, धरणांतून पाणी सोडतात. मग इकडे थेंब नसला तरी नदी दुथडी भरते.

पाणी कुठवर येईल, हे कळावे म्हणून जलसंपदा विभाग नकाशा करतो. त्यावर दोन रेघा असतात. त्यांना पूररेषा म्हणतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, ती निळी रेघ. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर पोचतो, ती लाल रेघ.

निळ्या रेघेच्या आत घर बांधू नये. तिथे शेती करावी, झाडे लावावी. दोन रेघांच्या मध्ये बांधकामावर बंधने असतात.

एकदा पूर आला, आता शंभर वर्षे घोर नाही, असे मात्र समजू नये. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ साली महापूर आला. दोनच वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा आला.

नदीकाठचा तुकडा स्वस्तात मिळतो. इसार देण्याआधी आपण सातबारा पाहतो. तशीच पूररेषाही पाहू. नकाशा झाला नसेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारू, "बाबा, पाणी कोणत्या पायरीला लागले होते?"

आता आपल्याला अक्षर वाचता येते. नकाशावरची रेघही वाचू या.