दिवाडी बेटाची बजेट ट्रिप: ३,९९९ रुपयांत आपल्याला उरतं किती?

दिवाडी बेटावर जायला पैसे लागत नाहीत. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली गेलं की मांडवीचा धक्का येतो, फेरीबोट लागलेली असते आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. काही मिनिटांत तुम्ही पलीकडे. आता सांगा, जिथे नदी फुकट ओलांडता येते तिथे नेण्याचे ३,९९९ रुपये तुम्हाला कोणी का द्यावेत? आणि दिलेच, तर त्यातले तुमच्या हातात किती राहतील?

व्हिडिओत मी हे आकडे फळ्यावर मांडले होते, पण जरा वेगात गेले. इथे सावकाश बघू. कागद-पेन घेऊन बसा.

केस खरी आहे. माझ्या रविवारच्या बॅचमधला एक मुलगा चाकणला नोकरी करतो. दर दोन महिन्यांनी माझ्या दुकानातून सॅक भाड्याने नेतो आणि कुठेतरी भटकून येतो. आता त्याला हाच धंदा करायचाय. पुण्यातून पंधरा-पंधराच्या बॅचेस, शुक्रवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी परत. पहिली ट्रिप दिवाडीची, तीही बोंदेरामच्या दिवशी. साठवलेले चाळीस हजार आहेत आणि घरी सांगून ठेवलंय की दिवाळीनंतर नोकरी सोडणार. त्यामुळे हा कागद नीट तपासणं भाग होतं.

जागेची निवड मला आवडली. बोंदेराम ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. नाव आलंय पोर्तुगीज शब्दावरून, बंदैरा म्हणजे झेंडा. हद्दीच्या वादात पोर्तुगीजांनी झेंडे रोवले आणि गावकऱ्यांनी ते दगड मारून पाडले, अशी त्यामागची गोष्ट. आज त्याची लुटुपुटूची लढाई होते, बांबूच्या फोताश नावाच्या खेळण्यातल्या बंदुकीतून फळं उडवतात, झेंड्यांची मिरवणूक निघते, बँड वाजतो. एरवी भातशेती आणि जुनी घरं असं शांत असलेलं बेट त्या दिवशी माणसांनी फुलून जातं.

आता त्याचा कागद. माणशी खर्च त्याने असा काढला होता: पुणे-पणजी बस जाऊन-येऊन १,६००, पणजीत डॉर्मिटरीत एक रात्र ५००, दोन दिवसांचं खाणं ९००, गोव्यातल्या कदंबा बसेस १००, औषधं आणि सुटे १००. एकूण ३,२००. (हे ऑफ-सीझनचे नमुना आकडे आहेत. तुम्ही स्वतः फोन करून तुमचे आकडे घ्या, माझे छापू नका.) विक्री ३,९९९. म्हणजे माणशी ७९९ उरले. गुणिले पंधरा, ११,९८५. खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: नफा.

इथे थांबा. ७९९ हा नफा नाही. ती फक्त माणशी शिल्लक आहे. पंधरा जण आले काय किंवा पाच आले काय, काही खर्च तेवढेच राहतात. त्याला आपण बॅचचा खर्च म्हणू. मी त्याला विचारलं, तुझं स्वतःचं बसचं तिकीट कोण काढणार? तो म्हणाला, "सर, मी तर फिरायलाच जातोय ना." हे वाक्य मी दर बॅचमध्ये एकदा तरी ऐकतो. घरगुती डबे करणाऱ्या ताईंकडून ऐकतो, केक करणाऱ्यांकडून ऐकतो. "मी तर घरीच असते." आवड आहे म्हणून स्वतःची मजुरी शून्य धरायची, आणि वर्षभराने विचारायचं की पैसे जातात कुठे.

तर बॅचचा खर्च मांडला. त्याचा स्वतःचा प्रवास-राहणं-खाणं ३,२००. दोन दिवसांचं मानधन २,०००, तेही कमीच. इन्स्टाग्रामची जाहिरात २,०००. आणि आधी एकदा एकट्याने जाऊन रस्ता बघून यायला लागेल त्याचे ३,२००, ते चार बॅचेसमध्ये वाटले तर प्रत्येकी ८००. झाले ८,०००.

आता ८,००० भागिले ७९९. दहा माणसं आली तर ७,९९०, म्हणजे दहा रुपये कमी! अकरावा माणूस आला की तोटा संपतो. पंधराच्या पंधरा आले तर ३,९८५ उरतात, आठच आले तर १,६०८ खिशातून जातात. बारा हजार वाटत होते ते चार हजारही नाहीत, आणि ते सुद्धा गाडी फुल्ल भरली तर.

खरी गंमत पुढे आहे. त्याने पोस्टरवर लिहिलं होतं, "मित्रासोबत या, दोघांनाही ३०० रुपये सूट." ३,९९९ वर तीनशे म्हणजे साडेसात टक्के, ऐकायला काहीच नाही. पण सूट विक्रीतून जात नसते, ती ७९९ मधून जाते. उरले ४९९. आता ८,००० भागिले ४९९ करा. सतरा माणसं लागतात. बॅच पंधराची आहे! म्हणजे सगळेच जोडीने आले, गाडी भरली, सगळे खूश होऊन परतले, तरी याला तोटा. दुकानात सेलची पाटी लावण्याआधीही हाच भागाकार करा.

बसभाड्याचंही तसंच. बोंदेराम आणि गणपती काही वर्षी जवळजवळ येतात. २०२५ मध्ये बोंदेराम २३ ऑगस्टला होता आणि गणेश चतुर्थी २७ला. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईचा चाकरमानी कोकणाकडे निघालेला असतो, गाड्या भरलेल्या असतात. जातानाचं तिकीट ८०० चं १,२०० झालं तर माणशी शिल्लक ३९९ वर येते आणि एकवीस माणसं लागतात. म्हणून सणाच्या आसपासची ट्रिप जाहीर करायची तर आधी तिकिटाचा भाव बघायचा, मग किंमत छापायची. आपल्याकडे पोस्टर आधी तयार होतं.

मग किंमत वाढवायची का? हो. ४,४९९ केली तर माणशी १,२९९ उरतात आणि सातव्या माणसाला खर्च निघतो. पाचशे रुपयांच्या फरकाने अकरावरून सातवर आलो. बारा जण आले तरी ७,५८८ हातात. त्याची भीती एकच, "सर, महाग वाटलं तर लोक स्वतःच जातील." बरोबर आहे भीती. फेरी फुकट, रस्ता मोबाइलवर, बेटावर ई-सायकलच्या सहलीसुद्धा चालतात. आपण नुसतं पोचवण्याचे पैसे मागितले तर कोणी देणार नाही आणि देऊही नये.

आपण काय जोडून देतो ते बघा. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून, म्हणजे बेटावरच्या नार्वेहून, आणखी एक फेरी सुटते. ती डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाते. तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडीवरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे नेलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पलीकडच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. गोवा सरकारने पुन्हा जीर्णोद्धार करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. शनिवारी दिवाडीवर झेंड्यांची मिरवणूक बघायची, टेकडीवरच्या पिएदाद चर्चजवळून मांडवी बघायची, आणि रविवारी तीच नदी ओलांडून, जो देव बेटावरून गेला त्याच्या देवळात जाऊन बसायचं. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं तर तो पाचशे रुपयांवरून अडून बसेल असं मला वाटत नाही. बीचवर जाणारे शंभर ग्रुप आहेत. हा रस्ता पायी करून दाखवणारे किती?

पण मग ती गोष्ट नीट सांगता आली पाहिजे, म्हणून आधी बघून येण्याचे ८०० रुपये कापायचे नाहीत. त्याच फेरीत धक्क्यावर उभं राहून शेवटची बोट किती वाजता सुटते ते विचारायचं आणि सणाच्या दिवशी रांग किती लागते ते गावातल्या लोकांकडून समजून घ्यायचं. नार्व्याहून परतीची बोट चुकली आणि पंधरा जणांसाठी तीन हजारांची गाडी करावी लागली, तर ३,९९९ च्या हिशोबात फुल्ल बॅचचे ३,९८५ तिथेच ९८५ होतात. फुकट गोष्टीवर धंदा उभा असला की तिच्या वेळापत्रकाची किंमत आपण मोजतो.

सॅकबद्दल एक बाजूला सांगतो, माझा धंदाच आहे म्हणून. दोन दिवसांसाठी साठ लिटरची सॅक विकत घेऊ नका. चाळीसची पुरते, भाड्याने मिळते, आणि फेरीत उभं राहायला जागा कमी असते. पाऊस असतो, रेनकव्हर मात्र हवंच.

आता सगळ्यात दुखरी जागा. पंधरा बुकिंग झाली, दोघांनी गुरुवारी फोन केला, "घरी प्रॉब्लेम झालाय, पैसे परत कर ना." दोघेही मित्राचे मित्र. त्याने पूर्ण परत करायचं ठरवलं होतं, नाव खराब नको म्हणून. बसची तिकिटं इतक्या उशिरा रद्द केल्यावर काही परत येणार नाही असं धरा, दोघांचे ३,२०० गेले. उरलेल्या तेराची शिल्लक १०,३८७, त्यातून ८,००० वजा, त्यातून ३,२०० वजा. उणे ८१३. दोन फोनमध्ये फुल्ल बॅच तोट्यात. ४,४९९ ला हीच बॅच ५,६८७ फायद्यात राहते, पण तरी नियम लिहून ठेवा आणि पैसे घेण्याआधी व्हॉट्सॲपवर पाठवा: तिकीट काढल्यानंतर बसभाडं परत मिळणार नाही, त्याऐवजी दुसरा माणूस पाठवता येईल. आधी सांगितलेला नियम कोणाला लागत नाही. गुरुवारी सांगितलेला लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटला हात जोडा. गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२ चा कायदा आहे, तो तुमच्या कामाला कसा लागू होतो ते पणजीच्या पर्यटन खात्यात जाऊन विचारा, त्याच बघून येण्याच्या फेरीत. आणि जीएसटीसाठी सेवांची वीस लाखांची मर्यादा ही उलाढालीवर मोजतात, तुमच्या शिल्लकीवर नाही. पंधरा जणांची ३,९९९ ची बॅच म्हणजे जवळजवळ साठ हजार. चौतिसाव्या बॅचला तुम्ही वीस लाख ओलांडता, हातात दीड लाखही उरलेले नसताना. सीएकडे त्याच्या आधी जा.

त्या मुलाने पोस्टर बदललंय. किंमत ४,४९९, सूट काढली, सप्तकोटेश्वर वर आला. नोकरी सोडायची तारीख मात्र मी त्याला खोडायला लावली. पहिल्या चार बॅचेस सुट्टीच्या दिवशी करायच्या, आणि चारही बॅचेसचा हिशोब, मानधन धरून, मला आणून दाखवायचा. तुम्हीही तुमच्या धंद्याचे तीन आकडे काढून कमेंटमध्ये टाका: माणशी किंवा नगामागे शिल्लक, महिन्याचा न टळणारा खर्च आणि त्यांचा भागाकार. त्यातले पाच-सहा घेऊन पुढच्या रविवारी फळ्यावर सोडवू.