फी किरकोळ, खर्च पोटाचा : कर्जतमध्ये अनाथ मुलामुलींसाठी आयटीआय

आई-वडील नसलेल्या मुलाला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या शासकीय आयटीआयत घालायचं, तर आधी फीची धास्ती घेऊ नका. खासगी संस्थेच्या मानाने ती फारच कमी असते. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. वेल्डरला तो एक वर्ष, इलेक्ट्रिशियन किंवा फिटरला दोन वर्षं निभवावा लागतो.

समजा, खोलीभाडं दीड हजार आणि मेसचे अडीच हजार धरले, तर महिन्याचे चार हजार तिथेच संपले. गणवेश, बूट, वह्या वेगळ्या. राशीन किंवा मिरजगावला नातेवाईक असतील, तर तिथून जाऊन-येऊन करणं स्वस्त पडेल. एसटीच्या विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत आहे.

बालगृहातून 18व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना 'मिशन वात्सल्य' योजनेतून अनुरक्षणासाठी, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधारासाठी, दरमहा 4,000 रुपये मिळू शकतात, 21 वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून 23पर्यंत. त्यासाठी सतराव्या वर्षापासूनच अधीक्षकांच्या आणि अहिल्यानगरच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाच्या मागे लागा. अठरा पूर्ण झाल्यावर धावाधाव सुरू केली, तर मधले महिने मुलाने कुठे काढायचे?

मामाकडे, आजीकडे वाढणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना बालसंगोपन योजनेचे दरमहा 2,250 रुपये 18 वर्षांपर्यंतच मिळतात. दहावी साधारण सोळाव्या वर्षी होते, म्हणजे लगेच प्रवेश घेतला तर दोन वर्षांचा ट्रेड या पैशांत बराचसा निभतो. 'एक वर्ष कामाला जाऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे: ते वर्ष घालवू नका.

प्रवेशाआधी अनाथ प्रमाणपत्र काढा. 2018पासून शिक्षण आणि नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे. 2023च्या शासन निर्णयात 'संस्थाबाह्य' गटही असल्याने नातेवाइकांकडे वाढलेली मुलंही त्यात येतात. अर्ज जिल्हा कार्यालयात द्यायचा, प्रमाणपत्र नाशिकच्या विभागीय उपायुक्तांकडून येतं. दोन्ही पालकांचे मृत्यूचे दाखले आधीच काढून ठेवा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. एजंटाला पैसे देऊ नका.

हेच प्रमाणपत्र पुढे पॉलिटेक्निकलाही लागेल. जुलै 2024च्या निर्णयाने अनाथ मुलामुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं आहे. मेसचा खर्च मात्र आपलाच.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी जरूर करा. 2019च्या नियमांत आयटीआय झालेल्यांना किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरलेलं आहे. कंपनीशी करार होताना तो आकडा कागदावर पाहा आणि बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर ठेवा.