थेंब घालण्यापूर्वी

चि. बाळ,

नेत्रविभागात रुजू झाल्याचे तुझे पत्र पावले. सकाळी रांग लागली की प्रत्येकाच्या डोळ्यांत बाहुली विस्फारणारे थेंब आधी घालून ठेवायचे आणि मग सवडीने तपासायचे, हा तुमच्याकडील शिरस्ता तू मोठ्या कौतुकाने कळवलास. तो निदान तुझ्या टेबलापुरता तरी मोडावास, एवढ्याचसाठी हे लिहितो.

पापणी पडली आहे, एकाचे दोन दिसतात, अशी तक्रार घेऊन आलेला मनुष्य मधुमेही असला की मेंदूची तिसरी मज्जा दुखावली असेल असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु बाहुली आकुंचित करणारे तंतू त्या मज्जेच्या पृष्ठभागालगत असल्यामुळे, मधुमेहात गाभ्याचा रक्तपुरवठा खुंटला तरी बाहुली बहुधा बचावते. उलट मेंदूच्या तळाशी धमनीला आलेला फुगवटा बाहेरून रेटू लागला की पहिला दाब या तंतूंवरच पडतो, आणि बाहुली विस्फारून प्रकाशाला दाद देईनाशी होते. हा फुगवटा फुटून मेंदूभोवती रक्त पसरले म्हणजे प्राणावर बेतते. फुटण्यापूर्वी मिळालेली ही वर्दी आपणच दोन थेंबांनी पुसून टाकावी, याला काय म्हणावे! १९३७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी असल्या फुगवट्याच्या मानेवर चांदीची चिमटी बसवली, तो रुग्णही तिसऱ्या मज्जेच्या पक्षाघाताचाच होता.

अशा वेळी साध्या सीटीत रक्त दिसले नाही म्हणून समाधान मानू नकोस; फुगवटा अद्याप फुटलेला नसेल, तर रक्त दिसणार कोठून? धमन्यांचे चित्रण त्याच दिवशी करून घ्यावे. डोकेदुखी क्षणार्धात पराकोटीला गेली होती काय, मान ताठली काय, हे विचारावे. वृद्धांना महिन्या-दोन महिन्यांत कोठे पडला होतात काय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय, हेही, कारण कवटीखाली सावकाश साचणारे रक्त अंधुक दिसण्याच्या तक्रारीआडही दडू शकते. अर्धशिशीच्या रुग्णांना मात्र धास्तावू नकोस. त्यांची नागमोडी चमक बहुधा तासाभरात ओसरते.

दोन्ही बाहुल्यांची मापे आणि प्रकाशाला त्यांनी दिलेला प्रतिसाद केसपेपरवर नोंदवल्यावाचून थेंब घालू देऊ नकोस. वरिष्ठांकडे हा विषय काढणे जड जात असेल, तर आधी तेथल्या परिचारिकाबाईंशी बोल. रांगेचा खरा अंमल त्यांचाच असतो.

तुझा,
मामा