काचपेटींतील जलोद्यान

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत पूर्वेकडील भिंतीशीं एक काचपेटी आहे. पालघर, बोईसर, तारापूर या बाजूंच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तशी पेटी आपल्या घरीं करण्याची इच्छा आम्हांपाशीं बोलून दाखविली आहे. त्यांच्यासाठीं हा पाठ लिहीत आहों. पेटी कशी सजवावी हें आम्ही प्रथम ती बिघडवूनच शिकलों, म्हणून आरंभ तेथूनच केला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीं एका शनिवारीं पेटी आली. त्याच दिवशीं तींत नळाचें पाणी भरलें, समुद्रकांठची वाळू घातली, रंगीत खडे पसरले, प्लास्टिकचें एक झाड उभें केलें आणि सायंकाळीं बारा सोनेरी मासे सोडले. मुलें हरखून गेलीं. पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यांतील नऊ मासे मेले. पांचवींतील एका मुलीनें विचारलें, “सर, पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग मासे मेले कशानं?” त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

उत्तर असें आहे. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं, पण माशांचे कल्ले जाळतो. वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पहिलें रूपही विषारीच. दुसरें मात्र बरेंच निरुपद्रवी असून वनस्पतींना तें खत होतें. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. नव्या पेटींत ते पुरेसे नसतात. त्यांची वस्ती व्हावयास तीन ते सहा आठवडे लागतात. शिवाय नळाच्या पाण्यांतील क्लोरिन मासे व जंतु दोघांनाही बाधतो. आम्हीं ना जंतूंना वेळ दिला, ना अमोनिया शोषून घेणारी एकही खरी वनस्पति लावली. प्लास्टिकचें झाड कांहींच शोषीत नाहीं!

वनस्पति व मासे एकमेकांस तारतात ही गोष्ट नवी नाहीं. पाण्यांतील हिरव्या पानांतून उन्हांत प्राणवायूचे बुडबुडे निघतात व अंधारांत तें थांबतें, हें यान इंगेनहाउस यानें १७७९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें लंडन येथील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें दोन सोनेरी मासे आणि रिबिनीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया एका काचपात्रांत ठेविली. कांहीं काळानें पानें कुजूं लागलीं व पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें फस्त केलीं, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं. हा वृत्तांत १८५० सालचा. त्यानंतर तीनच वर्षांनीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें. आपल्या मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभें राहिलें तें १९५१ सालीं. आणि तें आडनांव आपल्या तारापुराचेंच, हें बोईसरच्या मुलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

आतां प्रत्यक्ष रचना. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सवा फूट उंच पेटींत सुमारें सत्तर लिटर पाणी मावतें. म्हणजे केवळ पाण्याचेंच वजन सत्तर किलो. तेव्हां मेज मजबूत हवें. तळाशीं चाळलेल्या बागेच्या मातीचा इंचभर थर द्यावा व त्यावर धुतलेली जाड वाळू घालावी. ही वाळू नदीची असावी. समुद्राच्या वाळूंत मीठ असतें व शिंपल्यांचा चुरा असतो. तो विरघळून पाणी जड होतें. चिमूटभर वाळूवर सिरका टाकून पाहावा. फेंस आला कीं ती वाळू टाकून द्यावी. वाळू पुढें दोन इंच व मागें चार इंच अशी उतरती ठेविल्यास लहानशी पेटीही खोल दिसते.

दगडांसाठीं दूर जावयास नको. आपल्याकडील काळा पाषाण उत्तम; तो पाण्यांत विरघळत नाहीं. एक मोठा व दोन लहान असे तीन दगड घ्यावे. मोठा दगड मधोमध ठेवूं नये, तर लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर किंचित् कलता ठेवावा. जपानचे ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनीं जलोद्यानाची कला जगभर नेली. त्यांच्या रचनांत दगड विषम संख्येनें, आणि नदीच्या प्रवाहांत पडून राहिल्यासारखे मांडलेले दिसतात. मागें व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला, मध्यें रुंद पानांची क्रिप्टोकोरिन, पुढें आंखूड गवतासारखी वनस्पति. एकेका जातीचा झुपका एकाच जागीं लावावा; सर्व जाती सर्वत्र पेरल्यास बाग न दिसतां भाजीची टोपली दिसते. पुढील भागांत थोडी वाळू मोकळी राहूं द्यावी. मुलांचे हात या मोकळ्या जागेवर फार शिवशिवतात.

पाणी भरतांना तळाशीं बशी ठेवून त्यावर हळूहळू ओतावें. नळाचें पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवल्यास साधा क्लोरिन उडून जातो. ओढ्याचें पाणी मात्र आणूं नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनांत तारापूरचें औद्योगिक क्षेत्र अतिप्रदूषित क्षेत्रांत गणलें गेलें. तिकडच्या नाल्यांतील वनस्पतीही घेऊं नयेत. दिवा रोज सात-आठ तास लावावा. खिडकींतील थेट ऊन पडूं दिल्यास काचेवर हिरवें शेवाळ चढतें.

मग चार आठवडे थांबावें. हेंच सर्वांत कठीण! दुसऱ्या खेपेस मुलें रोज विचारीत, “मासे केव्हां?” आम्ही त्यांना नवीं पानें मोजावयास लावीत असूं. पांचव्या आठवड्यांत तीन झेब्रा-डॅनिओ सोडले, पंधरा दिवसांनीं आणखी तीन. खाणें दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलतों. सहाही मासे जिवंत आहेत.

एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. वाढलेली वनस्पति किंवा नकोसा मासा सूर्या नदींत, विहिरींत वा तळ्यांत टाकूं नका. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेंतील, शोभेसाठीं म्हणूनच आपल्या देशांत आली. पेटीची काच चाटणारा सकर मासाही त्याच खंडांतला; लोकांनीं सोडून दिल्यामुळें तो आज भारतांतील अनेक जलाशयांत स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. कापलेल्या वनस्पति उन्हांत वाळवून कुंडीच्या खतांत घालाव्या, मासा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा. आमच्या पेटींतील व्हॅलिस्नेरियाचे फुटवे जून महिन्यांत काढावयाचे आहेत. ज्यांच्या पेट्या तयार असतील त्यांनीं झांकणाची बरणी घेऊन यावें.