हळद पोह्यांसाठी ठेवा

प्रश्न : वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी ओतावं लागतं. गॅरेजवाले म्हणतात, दोन चमचे हळद टाका, गळती थांबेल. टाकू का?

उत्तर : नको. हळद भोकात बसते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. मग गळती थांबते आणि गाडी तापायला लागते.

आधी पाणी जातं कुठे ते शोधा. गाडीखाली रात्रभर जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. डाग पंख्याच्या रेषेत पडला, तर वॉटर पंपावर संशय घ्या. इंजिन बंद आणि गार असताना पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली, तर बेअरिंग गेलं. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल, तर सील गेलं. सील आणि बेअरिंग एकदमच बदला. पंप दोनदा कोण उघडणार?

डाग मागे असेल, तर टॉर्च घेऊन ब्लॉकच्या बाजूला पाहा. तिथल्या पत्र्याच्या गोल बुचाखाली गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर बूच आतून सडलंय. जागा पॉलिश पेपरने घासून पितळी बूच सरळ ठोकून बसवा.

पुठ्ठा कोरडा आणि पाणी तरी कमी? डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर हेड गॅस्केट गेलंय. मग गाडी चालू करू नका, टो करून न्या.

दुरुस्तीनंतर नळाचं पाणी मात्र बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे.