डोळ्यातला पडदा

दुपारच्या कडक उन्हातून आपण घरात येतो. माजघरात पाऊल टाकले की आधी काहीच दिसत नाही. कणगी कुठे, पाट कुठे, उमजत नाही. थोडे थांबले की हळूहळू सारे दिसू लागते. घरात उजेड तर वाढलेला नसतो. मग बदलले काय? बदलला तो आपला डोळा. कसा, ते या धड्यात पाहू.

डोळ्याच्या काळ्या भागात मधोमध एक बारीक भोक असते. त्याला आपण बाहुली म्हणतो. बाहुलीतून उजेड आत शिरतो. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, अस्तरासारखा एक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपण नुसता पडदा म्हणू. तो पोस्टकार्डाइतका पातळ असतो. समोरच्या वस्तूचे चित्र या पडद्यावर पडते.

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी फार लहान. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. पडद्यातल्या ज्या पेशी उजेड ओळखतात, त्या मुख्यतः दोन जातींच्या. एक जात काडीसारखी लांबट. तिला शलाका म्हणतात. एका डोळ्यात अशा सुमारे १० कोटी शलाका असतात. दुसरी जात टोकाला निमुळती. तिला शंकू म्हणतात. शंकू सुमारे ६० लाख असतात.

शंकू हे दिवसपाळीचे गडी. भर उजेडात ते काम करतात आणि रंग ओळखतात. शलाका रात्रपाळीच्या. अगदी अंधुक उजेडही त्यांना पुरतो, पण रंग त्यांना कळत नाहीत. म्हणून अंधारात तांबडे लुगडे आणि हिरवे लुगडे सारखेच दिसते.

आता शलाकांचे गुपित कसे उलगडले ते बघा.

फ्रांट्स बोल नावाचा एक जर्मन शास्त्रज्ञ इटलीतील रोम शहरात काम करीत होता. १८७६ साली त्याने अंधारात ठेवलेल्या बेडकाचा डोळा तपासला. आतला पडदा तांबडा दिसला. पण उजेड लागताच तो रंग विटू लागला आणि पाहता पाहता नाहीसा झाला. उन्हात वाळत घातलेले लुगडे विटते ना, तसेच. फक्त फार झपाट्याने. उजेडात राहिलेला जिवंत बेडूक पुन्हा अंधारात ठेवला, तर त्याच्या पडद्यावर तो रंग परत येई. बोल १८७९ साली वारला. तेव्हा त्याचे वय अवघे ३० होते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे क्यूने नावाच्या प्राध्यापकाने हे काम पुढे नेले. हा रंग शलाकांतला आहे आणि तो पडद्यातून वेगळा काढता येतो, हे त्याने दाखवले.

आता माजघराचे कोडे सुटले. उन्हात शलाकांचा रंग विटलेला असतो. सावलीत आलो की तो पुन्हा भरू लागतो. काळोखात तो पुरता भरायला सुमारे अर्धा तास लागतो.

पण हा रंग शरीर बनवते कशापासून? याचे उत्तर अमेरिकेच्या जॉर्ज वाल्ड यांना सापडले. १९३३ साली युरोपात काम करीत असताना त्यांना डोळ्याच्या पडद्यात 'अ' जीवनसत्त्व मिळाले. त्यापासूनच शलाकांचा रंग तयार होतो. या शोधाबद्दल १९६७ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे 'अ' जीवनसत्त्व आपल्याला अन्नातूनच मिळवावे लागते. अन्नात ते नसेल तर शलाकांना रंग कोठून मिळणार? मग दिवसा नीट दिसते, पण दिवेलागणीला मूल ठेचकाळते. ताट पुढे ठेवले तर चाचपडते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. हा देवीचा कोप नव्हे, मागल्या जन्मीचे पापही नव्हे. आमची जुनी माणसे रातांधळ्याला बकऱ्याची कलेजी खाऊ घालीत. सुश्रुताच्या ग्रंथातही शेळीच्या यकृताचा उपाय सांगितला आहे. यकृत म्हणजेच कलेजी. 'अ' जीवनसत्त्वाचा साठा तिच्यातच असतो. उपाय खरा होता. कारण मागाहून कळले.

रातांधळेपणा ही पहिली सूचना आहे. तिच्याकडे काणाडोळा केला तर पुढे डोळे कोरडे पडतात. बुबुळावर जखम होते, बुबुळ फुटते आणि दृष्टी कायमची जाते. मग कितीही भाजी खाल्ली तरी ती परत येत नाही. म्हणून सूचना मिळताच हलावे. मुलाला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यावे.

अशी पाळी येऊच नये म्हणून काय करावे? शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, चाकवत, गाजर, तांबडा भोपळा, पिकलेली पपई, पिकलेला आंबा, यांतले काही ना काही पानात असावे. भाजीला थोडे तेल घालावे, म्हणजे ती अंगी लागते. दूध, अंडी मिळाली तर उत्तमच. शिवाय मूल नऊ महिन्यांचे झाले की 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजतात. पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक. नर्सबाईंना विचारून हे डोस चुकवू नयेत. मात्र आपल्या मनाने जादा डोस देऊ नये. त्याने अपाय होतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही घराण्यांत शलाका हळूहळू मरत जाण्याचा रोग असतो. त्याचीही सुरुवात रात्री न दिसण्यानेच होते. तो भाजीपाल्याने बरा होत नाही. माणसाच्या डोळ्यात मेलेली शलाका पुन्हा उगवत नाही. म्हणून मोठ्या माणसाला रात्री दिसेनासे झाले, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

सांगा पाहू :

१. उन्हातून घरात आल्यावर लगेच का दिसत नाही?
२. अंधारात लुगड्याचा रंग का कळत नाही?
३. शलाकांचा रंग कशापासून तयार होतो?
४. तुमच्या परसात यांतल्या कोणत्या भाज्या लावता येतील? त्यांची नावे पाटीवर लिहा.